सांडूनानांची निळी कॅरेटं

वाळूजच्या एमआयडीसीत सांडूनाना कुठं भेटतील असं विचारलं, की टपरीवरचा चहावाला आधी हसायचा आणि मग रस्ता दाखवायचा. हसण्याचं कारण साधं होतं. नाना लग्नाला गेले, बारशाला गेले, अगदी दहाव्याला गेले तरी त्यांची नजर आधी माणसांवर जायची नाही. त्या घरात निळं कॅरेट आहे का, हे ती शोधत फिरायची. दिसलं, की नाना ते उचलून पालथं करायचे आणि बुडावरचा ठसा वाचायचे. ठसा दुसऱ्या कुणाचा असला तर एका कपात उठायचे. आपल्या कंपनीचा असला तर मांडी घालून बसायचे आणि म्हणायचे, "चहा अजून टाकता का जरा? आता बोलणं लांबणार."

आता हे कॅरेट म्हणजे काय प्रकरण, ते आधी सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल माणूस चक्रम होता. चक्रम होताच थोडा, पण कामाचा चक्रम.

नाना फुलंब्रीजवळच्या खेड्यातले. शेती भावाभावांत वाटून हातात आली ती एवढीशी, म्हणून वाळूजला शेडं उभी राहायला लागली तेव्हा इकडं आले आणि व्यंकटरावांच्या कारखान्यात हमाल म्हणून लागले. व्यंकटराव म्हणजे सरकारी पॉलिटेक्निकात आयुष्य शिकवण्यात घालवलेले, आणि निवृत्तीनंतर लोक काशीला जातात तसे वाळूजला गेलेले गृहस्थ. दुचाकीच्या हँडलला ब्रेकचा आणि क्लचचा जो दांडा असतो, तो लिव्हर ते बनवायचे आणि मोटरसायकली करणाऱ्या मोठ्या कंपनीला द्यायचे. त्या कंपनीला वाळूजमध्ये सगळे नुसतं 'मोठी कंपनी' म्हणत, आपणही तेच म्हणू.

शेतकऱ्याच्या पोराला एक गोष्ट जन्मापासून पक्की ठाऊक असते, ती म्हणजे ढीग म्हणजे बरकत. खळ्यात रास पडली, की तिला हळदकुंकू वाहायचं, पाया पडायचं आणि मगच मापाला हात लावायचा. नाना लागले त्याच वर्षी खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. सगळे प्रसादाकडं वळले तर नाना कुठंच दिसेनात. शोधलं तेव्हा ते मागच्या शेडमध्ये तयार लिव्हरांच्या छातीएवढ्या ढिगाला हळदकुंकू वाहून, उदबत्ती लावून, हात जोडून उभे होते. व्यंकटरावांनी पाहिलं आणि म्हणाले, "सांडू, पूजा केलीस ती बरी केलीस. आता याची आरतीही पाठ कर, कारण हा देव काही लवकर विसर्जन व्हायचा नाही."

नानांना त्यातलं मर्म काही कळलं नाही. ते कळलं पुढच्या उन्हाळ्यात. मोठ्या कंपनीनं गाडीचं मॉडेल बदललं, लिव्हरचा वाक जरासा वेगळा झाला आणि तो पूजलेला ढीग उचलून वितळवायला भट्टीवर पाठवावा लागला. नाना दोन दिवस नीट जेवले नाहीत. शेवटी व्यंकटरावांनी त्यांना जवळ बसवून घेतलं. "अरे, खळ्यातली रास खाता येते, पेरता येते, वेळ आली तर पाहुण्याला देता येते. ही रास कुणाच्या पोटात जायची? ही आपल्यालाच खाते. जागा खाते, बँकेचं व्याज खाते, आणि एके दिवशी मॉडेल बदलून तोंड फिरवते. कारखान्यात माल आला तसा गेला पाहिजे." नानांना ते इतकं पटलं, की नवा माणूस धर्मांतर केल्यावर जास्त कडक होतो, तसं त्यांचं झालं. शेडमध्ये चार लिव्हर कुठं जादा पडलेले दिसले तरी त्यांना चैन पडेना. हमालाचे ते मुकादम झाले, आणि पुढं माल धाडण्याचं सगळं काम त्यांच्याकडं आलं.

व्यंकटराव गेले आणि त्यांचा मुलगा केशवराव गादीवर बसला, त्याच सुमारास मोठ्या कंपनीनंही हाच धर्म घेतला. तिनं आपली गोदामंच बंद केली. पुरवठादारांनी माल थेट जुळणीच्या लाइनवर आणायचा, तोही लागेल तेवढाच, आणि तोही ठरवून दिलेल्या निळ्या प्लॅस्टिकच्या कॅरेटांतच. आत लिव्हर घासू नयेत म्हणून खाचा. भरलेलं कॅरेट जायचं, रिकामं परत यायचं, ते पुन्हा भरून जायचं. कागदावर हे इतकं सुरेख दिसत होतं, की केशवरावांनी त्याचं चित्र काढून भिंतीवर लावलं होतं.

पण चित्रात माणसं नव्हती. मोठ्या कंपनीच्या फाटकातून रिकामी कॅरेटं निघायची भरपूर आणि पोचायची कमी. का, तर कॅरेटासारखी गुणी वस्तू त्या काळी दुसरी नव्हती. कांदे ठेवा, पोराला आंघोळ घाला, कोंबडी उबवायला बसवा, पालथं घालून वर म्हातारीला उन्हात बसवा. टेम्पोवाला एखादं घरी न्यायचा, त्याच्या मेहुण्याला ते आवडायचं. बाजार समितीत तर कॅरेटाला जातपातच नव्हती. याचं भाजीचं त्याच्या गाडीत आणि त्याचं टमाट्याचं याच्या घरी. चोरी म्हणावी अशी कुणाचीच नव्हती. वस्तू हिंडत होती, एवढंच.

आणि कॅरेट नाही आलं, की माल जाणार कशातून? यंत्रं थांबत नसत. लिव्हर पडत राहायचे, मशिनीशेजारी, जिन्याखाली, एकदा तर केशवरावांच्या टेबलाखालीसुद्धा. पुन्हा ढीग! नानांच्या डोळ्यांपुढं ती भट्टी नाचायची. नवी कॅरेटं मागवली तर तीही त्याच वाटेनं हिंडायला जायची. मग नानांनीच ठरवलं, की आयतवारी मोटरसायकल काढायची आणि गावोगाव जाऊन कॅरेटं गोळा करायची. मागं दोरी बांधलेली, पुढं पेट्रोल आणि खिशात तंबाखूची डबी.

यात नाना कधी कुणाला अपमानाचा शब्द बोलले नाहीत. बसायचे, गावगप्पा करायचे आणि उठताना अदबीनं म्हणायचे, "बाई, ते निळं मपलं हाय." लोकही लगेच कबूल व्हायचे. अडचण पुढंच होती. फुलंब्रीच्या अलीकडं सरूबाई म्हणून एक म्हातारी राहायची. ती म्हणाली, "न्या की नाना, तुमचं तुम्हाला देयाला मला काय व्हतंय? पण आज घरात काही नाय. रिकामं भांडं कसं परत द्यावं? पुढल्या आयतवारी या, वांगी निघतील."

नानांच्या आईनं उभ्या जन्मात शेजारणीची वाटी रिकामी परत केली नव्हती. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. म्हणजे कॅरेट परत करायला लोक नाराज नव्हतेच, ते फक्त त्यात घालायला काहीतरी पिकायची वाट बघत होते. नानांना हे इतकं मान्य होतं, की ते पुढल्या आयतवारी वांगी घ्यायला खरंच जायचे. त्यांच्या घरी भाजी विकत आणायचा प्रसंग कधी आला नाही. त्यांची बायको द्वारकाबाई मात्र वैतागायची. "मागल्या हप्त्यात कारली, ह्या हप्त्यात कारली. तुमच्या कंपनीला सांगा, कारल्याच्या गावात टेम्पो नका पाठवत जाऊ."

केशवरावांना हे सगळं कळलं तेव्हा ते कपाळावर हात मारून म्हणाले, "नाना, म्हणजे माझ्या शेडमध्ये माल साचतो तो वांगी पिकायची आहेत म्हणून?"

"व्हय साहेब," नाना म्हणाले. "आणि यंदा वांग्यावर कीड पडली हाय."

असं हसतखेळत चाललं असताना एका हिवाळ्यात दोन गोष्टी एकदम आल्या.

पहिली कारखान्याची. मोठी कंपनी नवी गाडी काढणार होती आणि तिच्या लिव्हरचं काम कुणाला द्यायचं ते ठरायचं होतं. येत्या सोमवारी त्यांच्या अधिकारी शैला मॅडम शेड बघायला येणार होत्या. माल साचवणारा पुरवठादार त्यांना चालत नाही, अशी त्यांची ख्याती होती. केशवरावांनी नानांना बोलावलं. "नाना, ढीग दिसता कामा नये. ढीग हलवायला कॅरेटं पाहिजेत. कुठून आणायची ती आणा."

दुसरी गोष्ट घरची, आणि तीच नानांच्या काळजाजवळची. त्यांची मुलगी कावेरी डी.एड. झाली होती आणि तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. कावेरी बोलायला गोड पण निवडीला खट. एक मुलगा तिनं तो सारखा स्वतःचे केस बघतो म्हणून नाकारला, दुसरा बोलताना सगळी उत्तरं आईकडं बघून देत होता म्हणून. मग कन्नडकडच्या एका गावातलं स्थळ आलं. मुलगा रामकिसन, मोठ्या कंपनीत रंगकामाच्या खात्यात. बघण्याच्या कार्यक्रमात त्यानं तिला विचारलं, "तुम्हाला मला काही विचारायचंय का?" आणि कावेरीनं खरंच चारपाच प्रश्न विचारले, त्यानं न बिचकता उत्तरं दिली. पाहुणे गेल्यावर तिनं आईला एकच शब्द सांगितला, "हेच." आता राहिलं होतं ते मुलीकडच्यांनी जाऊन घर बघणं. तो दिवस नेमका सोमवारच्या आधीच्या आठवड्यात आला.

निघताना द्वारकाबाईनं नवऱ्याला उंबऱ्यात अडवलं. "देवाची आण घ्या. तिथं एक बी कॅरेट पालथं करायचं नाय."

"मी काय येडा हाय का?" नाना म्हणाले.

"आण घ्या," द्वारकाबाई म्हणाली. नानांनी घेतली.

रामकिसनचे वडील तात्यासाहेब माणूस तोलामोलाचा, कमी बोलणारा, डोक्याला पांढरा रुमाल. घर साधं, स्वच्छ. मागं विहीर आणि तिच्या पलीकडं आल्याचं रान. कन्नडकडं आलं लई पिकतं. तात्यासाहेब रान दाखवत म्हणाले, "भाव नसला तर काढत नाय. जमिनीत ऱ्हातं. लागंल तसं खांदायचं." नानांनी मनापासून मान डोलावली. गोदाम नाही, भाडं नाही, माल पाहिजे तेव्हाच वर येतोय. केशवरावांना हे दाखवायला हवं, असं त्यांच्या मनात आलं आणि हा सोयरा आपल्याला देवानंच दिला असंही वाटून गेलं.

एवढ्यात ते घराच्या मागच्या बाजूला वळले आणि जागीच थबकले. भिंतीला लागून निळी कॅरेटं रचली होती, छपरापर्यंत. खालच्या एकात कोंबडी बसली होती.

नानांनी तोंड फिरवलं. पोहे खाल्ले, पण पोह्यांत मीठ होतं की साखर ते त्यांना सांगता आलं नसतं. तात्यासाहेबांची बायको आवडाबाई द्वारकाबाईला लुगडं नेसवत होती, हसणं चाललं होतं, सगळं गोडीगुलाबीनं पार पडत होतं. नाना मांडीखाली हात दाबून बसले होते. निघायची वेळ झाली, माणसं अंगणात उभी राहिली. हात धुवायच्या निमित्तानं नाना मागं गेले ते परत येईनात. द्वारकाबाईला काय ते कळलं. ती लगबगीनं मागं गेली तोवर उशीर झाला होता. नाना कोंबडीला बाजूला सारून कॅरेट पालथं करून बघत होते, आणि त्यांच्या पाठीमागं तात्यासाहेब उभे होते.

"तात्यासाहेब," नाना म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला, "ही कॅरेटं आमच्या कंपनीची हायती."

"बाजारात आली अशीच," तात्यासाहेब म्हणाले. "आलं घेऊन जातो, कोणाची तरी रिकामी येती."

"व्हय, व्हय. तुम्ही घेतली असं कोण म्हणतंय? पण आमची हायती. सोमवारी माणसं यायची हायती बघायला. तिकडं माल पडून हाय." बोलता बोलता नानांनाच कळत होतं, की सोयरीक ठरवायला आलेल्या माणसानं बोलायचं हे नाही. पण जीभ थांबेना.

तात्यासाहेबांनी कॅरेटांकडं पाहिलं, कोंबडीकडं पाहिलं आणि म्हणाले, "बरं."

परतीच्या एसटीत द्वारकाबाई खिडकीकडं तोंड करून बसली. खुलताबाद मागं पडल्यावर ती बोलायला लागली ती शहर येईपर्यंत थांबली नाही. पोरीचं लग्न आणि प्लॅस्टिकचं डबडं, कुणाला काय मोठं वाटावं? नानांच्या सात पिढ्यांत असा माणूस झाला नसेल. नाना म्हणाले, "बरं म्हणाले की ते." द्वारकाबाई म्हणाली, "कोणाच्या दारात आपली चीज मागितल्यावर माणूस दुसरं काय म्हणंल?"

कावेरीला कळलं तेव्हा ती भांडली नाही. ती गप्प झाली, आणि नानांना ते भांडणापेक्षा जड गेलं. ताट वाढायची, पाणी द्यायची, पण बापाकडं बघायची नाही. तिकडून होकाराचा निरोप येणार होता तो आला नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. नाना कसंबसं धाडस करून मोठ्या कंपनीच्या फाटकावर रामकिसनची चौकशी करायला गेले. तिथल्या माणसानं सांगितलं, की रामकिसन रजा टाकून गावी गेलाय. नाना मनाशी हिशोब करत परत फिरले. असा मधेच रजा टाकून मुलगा गावी कशाला जातो? दुसरी मुलगी बघायलाच ना. त्यांना स्वतःचा इतका राग आला, की त्या दिवशी शेडमध्ये कुणीतरी लिव्हरांचा ढीग जिन्यापर्यंत वाढल्याचं सांगितलं तरी ते तिकडं फिरकले नाहीत. अख्खं आयुष्य ज्या ढिगाशी वैर केलं, तो आता आभाळाला टेकला असता तरी त्यांना फिकीर नव्हती. पोरगी बोलत नव्हती.

आयतवारी ते कॅरेटं गोळा करायलाही गेले नाहीत. सोमवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते केशवरावांसमोर उभे राहिले. "साहेब, आज मला सुट्टी द्या."

केशवराव उडालेच. "नाना, आज? मॅडम यायच्या आहेत आज."

"येऊ द्या. कॅरेटं मिळाली नायत, मिळायची बी नायत. मी कन्नडला जातो. तात्यासाहेबांच्या पाया पडतो. म्हणतो, ती कॅरेटं तुमची, कोंबडीसकट ठेवा, पण सोयरीक मोडू नका. वाटलं तर माझ्या पगारातनं कापा, पण मला अडवू नका, साहेब."

केशवराव तरुण होते, पण बापाच्या वळणाचे होते. ते म्हणाले, "थांबा, मॅडमचं आटोपलं की मीही येतो बरोबर. माझ्या कॅरेटांपायी झालंय, तर माझंही डोकं टेकवायला हवं." नाना काही बोलणार, एवढ्यात फाटकावरचा पहारेकरी फकिरा धावत आला.

"नाना, तुमच्या नावानं दोन पिकअप आल्यात. मालाचं चलन दावा म्हणलं तर म्हणतात, चलन नाय, सोयरीक हाय."

नाना फाटकाकडं धावले. पहिल्या गाडीतून तात्यासाहेब उतरत होते. रुमाल नवा, अंगात कोट. मागच्या गाडीतून रामकिसन उतरला, हाताची बोटं मातीनं काळी, नखं तर विचारू नका. आणि दोन्ही गाड्यांत दोरीनं बांधलेली निळी कॅरेटं, थरावर थर. प्रत्येक कॅरेट ताज्या आल्यानं शिगोशीग भरलेलं. फाटकापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडं त्याचा वास सुटला होता.

"पाव्हणं, उशीर झाला," तात्यासाहेब म्हणाले. नानांना त्यांच्या तोंडून इतकी वाक्यं एकदम ऐकायची सवय नव्हती. "घरातली व्हती तेवढी त्याच दिवशी देतो म्हणलो असतो. पण मंडळी म्हणली, पोरीच्या घरी पहिल्यांदा भांडं चाललंय, रिकामं कसं धाडायचं? मग आलं खांदायला घेतलं. गडी मिळंनात, म्हणून याला रजा टाकायला लावली. आणि खांदता खांदता गावात विचारलं, तर घराघरात तुमचा ठसा. म्हणलं, आता सगळीच घिऊन जावी. कोंबडीचं तेवढं राह्यलंय. अंडी हायती. पिल्लं निघाल्यावर देतो."

नाना रडले. फाटकावर, फकिरासमोर, इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत रडले, आणि त्यांना त्याची लाज वाटली नाही. तात्यासाहेबांच्या गळ्यात पडून ते एवढंच म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही रागावलात."

"कशापायी रागवायचं?" तात्यासाहेब खरोखरच चकित झाले. "मागितलेली चीज धाडायची, त्यात राग कसला? निरोप तरी हातात काही नसताना काय धाडणार?"

या आनंदात एका गोष्टीचं भान कुणालाच राहिलं नव्हतं. शैला मॅडमची गाडी फाटकाशी येऊन उभी होती आणि पिकअप आडव्या असल्यामुळं तिला आत जाता येत नव्हतं. मॅडम खाली उतरल्या, चष्मा वर केला. आपल्या कंपनीच्या लाइनवर जाणारी कॅरेटं, आणि त्यांत गाडीभर आलं.

केशवरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. नानांनी मात्र डोळे पुसले आणि गडी कामाला लावले. "रिकामी करा रे. पिशव्या काढा."

पुढच्या तासाभरात वाळूजमध्ये जे झालं, ते पुष्कळ दिवस लोक सांगत होते. पिशव्या संपल्या. मग कामगारांनी डबे भरले, हेल्मेट भरली, एकानं चक्क मोज्यात आलं भरलं. शेजारच्या शेडमधली माणसं आली. टपरीवाला दोन पोती घेऊन आला. फकिरानं चलनाचा हट्ट सोडला आणि खिसे फुगवले. रिकामं झालेलं कॅरेट नळाखाली धुवायचं, पुसायचं, आत लिव्हर बसवायचे आणि टेम्पोत चढवायचं, अशी रांग लागली, आणि रांगेत रामकिसनही होता. जिन्यापर्यंत चढलेला ढीग दुपार कलताना जमिनीला लागला.

शैला मॅडम सगळं बघत होत्या. त्यांनी नानांना विचारलं, की ही कॅरेटं इतके दिवस का आली नव्हती. नानांनी सरूबाईच्या वांग्यांपासून सगळं सांगितलं. मॅडमनी गंभीरपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण आमची कंपनी तर तुम्हाला रोज रिकामीच परत पाठवते. ते कसं चालतं?"

"तो धंदा हाय, बाई," नाना म्हणाले. "तुमच्याकडं पोरगी दिली असती तर नसतं चाललं."

मॅडम खळखळून हसल्या. जाताना एका पिशवीत आलं घेऊन गेल्या, पण शेऱ्यात काय लिहिलं ते कुणाला दाखवलं नाही. काम मिळालं ते पुढं महिन्यानं. त्यात रिकाम्या जमिनीचा वाटा किती आणि आल्याचा किती, हे देव जाणे. एवढं मात्र खरं, की त्या आठवड्यात मोठ्या कंपनीच्या लाइनवर गाड्यांना आल्याचा वास येत होता, आणि तो कुठून येतो याची चौकशी काही केल्या पूर्ण झाली नाही.

तिथंच, माल चढवायच्या फलाटावर, केशवरावांनी कॅन्टीनमधून साखर मागवली. तात्यासाहेबांनी नानांच्या तोंडात घातली, नानांनी त्यांच्या. तिथी ठरवायचं बोलणं झालं आणि पाहुणे निघाले.

नाना घरी पोचले तेव्हा दिवे लागायची वेळ होती. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. रामकिसननं फोन केला होता, आणि कोणाला केला ते नानांनी विचारलं नाही. द्वारकाबाई हसत होती, आणि हसता हसता आता एवढ्या आल्याचं करायचं काय म्हणून चिडतही होती. कावेरी ओसरीत बसली होती. बापाला पाहून ती उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं त्यांच्याकडं नीट पाहिलं.

"नाना, आज कामाच्या दिवशी तुम्ही कन्नडला निघाला होता म्हणं. पाया पडायला."

"कोण म्हणलं?"

"केशव साहेब त्यांना बोलले, ते मला बोलले."

नाना टोपी काढून खुंटीला लावत राहिले. ती खुंटीवर कधीच बसली होती, तरी लावत राहिले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "पाहुण्याच्या घरी ते तसं मागायला नव्हतं पाहिजे. आता तिकडं गेलो तर मागच्या अंगणात पाय ठेवायचा नाय मी. तुझी आण."

कावेरीनं त्यांच्या बाहीवरची माती झटकली.

"पाय ठेवा, काही होत नाय," ती म्हणाली. "तुमचं निळं दिसलं तर ते बी घिऊन जा. पण नाना, आयतवारी आयतवारी लोकांच्या गावाला कॅरेट न्यायला जाता ना, तसं दिवाळीला मला न्यायला येत जा. विसरू नका."

नाना हो म्हणाले. मग सदरा बदलायला म्हणून आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.